आजीची गाणी फोनमध्ये आली, आता किल्ली कोणाकडे?

करवंदाची_जाळी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हे मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

मी वारली समाजातली, डहाणू तालुक्यातली. नोकरीमुळे बाहेर असते. गेली तीन वर्षं सुट्टीत घरी गेले की आजीचं गाणं-बोलणं फोनवर रेकॉर्ड करते. आजी म्हणजे आईची मावशी. ती धवलेरी आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: आमच्याकडे लग्न लावते ती धवलेरी, आणि ती लावते ते गाऊन. भिंतीवर देवचौक लिहिला जातो (आम्ही चौक काढत नाही, लिहितो) तेव्हा तिचं गाणं चालू असतं. कागदावर एक ओळ नाही, सगळं तिच्या गळ्यात.

आजवर साधारण चौदा तास जमलेत. लग्नाची गाणी आहेत, कणसरीची, म्हणजे आमच्या धान्यदेवीची, कथा आहे, मुलांना झोपवायची गाणी आहेत. शिवाय आमच्या पाड्यावरच्या एका भगतांनी सांगितलेली बावीस झाडपाल्याची औषधं.

गेल्या महिन्यात फोन पाण्यात पडला. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. भाच्याने फाइली परत मिळवल्या आणि म्हणाला, "मावशी, सगळं यूट्यूबवर टाक, कधीच हरवणार नाही." मी तयार झाले होते. पण भगतबाबांना विचारलं तर ते म्हणाले, औषध चारचौघांत उघडं केलं की त्याचा गुण जातो. आणि आजी एका गाण्याबद्दल म्हणाली, हे मांडवाबाहेर गात नाहीत, त्या दिवशी तुला समजावं म्हणून गायले.

तर प्रश्न असे. हे सांभाळायचं कसं? कोणाला ऐकू द्यायचं? आणि हे ठरवणारी मी कोण?

वाफाळता

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आज रात्रीच अमलात आणा, बाकीचे दोन पुढच्या आठवड्यात सोडवू. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. फोन ही प्रत धरू नका. हार्डडिस्क घ्या, दोन घ्या, एक तुमच्याकडे आणि एक घरी. तिसरी प्रत संगणकावर.

जुन्या फाइली आहेत तशाच ठेवा, त्यांचं रूपांतर करून मूळ फाइल उडवू नका. पुढचं रेकॉर्डिंग वेव्ह स्वरूपात करा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका तासाला मोनोमध्ये साधारण पाचशे एमबी लागतात, आजच्या हिशेबात काहीच नाही. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली प्रत ही प्रत नव्हे, तिथे आवाज दाबला जाऊ शकतो.

आणि प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात बोला: आज कोणता वार, कोणाचं घर, कोण गातंय, कोण ऐकायला बसलंय. वही हरवते, फाइलचं नाव बदलतं, पण आवाजात बोललेलं आवाजाबरोबरच राहतं.

पाटीपेन्सिल

वाचतेय. फार महत्त्वाचा धागा.

खुला_आसमंत

भाच्याशी सहमत. राग मानू नका, पण कुलपात ठेवलेलं ज्ञान मरतं.

२ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओ दि जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. ब्राझीलच्या आदिवासी भाषांच्या ध्वनिफिती तिथे होत्या. त्यातल्या काही भाषा बोलणारं आज कोणी नाही. त्या फिती आधीच इंटरनेटवर चार ठिकाणी गेल्या असत्या तर? आपल्याकडे अंदमानात जानेवारी २०१० मध्ये बोआ आजी गेल्या, त्यांच्याबरोबर बो भाषा गेली. आज त्यांचा आवाज आपण ऐकू शकतो तो भाषाशास्त्रज्ञांनी टिपून खुला केला म्हणून.

ज्ञान वाटल्याने वाढतं असं आपणच म्हणतो ना? भगतबाबांचा मान राखूनही सांगतो, बावीस औषधं बावीस लोकांना कळली तर बावीस ठिकाणी जगतील.

करवंदाची_जाळी

@वाफाळता, तीन प्रती आज केल्या. डोळ्यांत पाणी आलं, इतकं हलकं वाटलं. आभारी आहे.

@खुला_आसमंत, राग नाही. पण बोआ आजींचं ऐकलं ते कोणी? आपण. त्यांच्या लोकांत ते समजून ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. माझ्या आजीचं ऐकणारे आमच्याकडे अजून शेकड्यांनी आहेत. म्हणून तर विचारून घ्यायची संधी आहे.

तिसरी_घंटा

यूट्यूबचा अनुभव सांगतो. मी पालघरच्याच दुसऱ्या टोकाचा. आमच्या पाड्यावर तारप्याचा (फुंकून वाजवायचं आमचं वाद्य) नाच होता, मी वीस मिनिटांचा व्हिडिओ टाकला. खूप लोकांनी पाहिला, मला आनंदच झाला. आठ-नऊ महिन्यांनी एका संगीत कंपनीने त्यातला तारप्याचा तुकडा उचलून खाली ढोल-बीट घातला आणि लग्नाच्या वरातीचं गाणं म्हणून विकायला काढलं. वाजवणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव नाही, गावाचं नाव नाही. त्याहून पुढचं ऐका: काही दिवसांनी माझ्याच मूळ व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा आला. यंत्राने दोन्ही आवाज जुळवले आणि ज्याची नोंद अधिकृत तो मालक ठरला.

मी हरकत घेतली, तीन महिने पत्रव्यवहार केला, शेवटी दावा मागे घेतला गेला. त्यांचं गाणं मात्र आजही वाजतंय. ज्यांनी तारपा वाजवला ते काका मला म्हणाले, "ते भात पिकायच्या दिवसांतलं वाजवणं आहे, आणि हे लोक ते चैत्रात वाजवतात." चोरीपेक्षा त्यांना तेच जास्त लागलं होतं. तारप्याला त्याचा काळ असतो, तो बारमाही वाजवत नाहीत. हे व्हिडिओत मी कुठे लिहिलं होतं? कुठेच नाही. ही माझी चूक आजही बोचते.

कायद्याचा_कीस

वकिली करते म्हणून थोडं लिहिते.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रेकॉर्डिंगचा पहिला मालक म्हणजे ज्याने पुढाकार घेऊन ते केलं तो. म्हणजे करवंदाची_जाळी, चौदा तासांच्या मालक कायद्याने तुम्ही आहात, आजी नाही. गाण्याला एक ज्ञात कवी नसल्यामुळे शब्दांवर कोणाचाच हक्क कायदा मानत नाही. आजीला कलावंत म्हणून वेगळा हक्क मिळतो, ५० वर्षांचा, पण तो एका व्यक्तीचा. धवलेरींच्या परंपरेचा हक्क, समाजाचा हक्क, असा खण या कायद्यात नाही.

तो दुसरीकडे आहे, आणि लोकांना फारसा माहीत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये जमीन आणि गौण वनोपजाबरोबर आणखी एक हक्क लिहिलाय: जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक बौद्धिक संपदेचा हक्क. शब्दशः 'सामूहिक'. आणि आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा म्हणतो की आपल्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा समर्थ आहे. डहाणू अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे पेसा लागू आहे.

'हे ठरवणारी मी कोण' याचं कायद्यातलं उत्तर: एकट्या तुम्ही नाही. ग्रामसभा.

खुला_आसमंत

ग्रामसभेत ठराव घेऊन यूट्यूबची कंपनी ऐकेल का?

कायद्याचा_कीस

ठरावाने व्हिडिओ आपोआप उतरणार नाही, खरं आहे. पण उद्या कोणी त्या बावीस औषधांपैकी एकावर पेटंट मागितलं तर 'हे ज्ञान अमुक गावचं, अमुक तारखेपासून नोंदलेलं' हे सांगायला तारखेचा कागद लागतो. २४ मे २०२४ रोजी जिनीव्हात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत करार झालाय, पेटंट मागताना वनस्पती कुठली आणि तिच्याविषयीचं पारंपरिक ज्ञान कोणत्या समाजाचं हे सांगावं लागेल असा. त्या वाटाघाटी जवळजवळ पंचवीस वर्षं चालल्या. हा करार लागू होईल तेव्हा ज्यांच्याकडे स्वतःची नोंद असेल त्यांनाच त्याचा उपयोग होणार.

हळदुली

पेटंटचा विषय निघालाच आहे म्हणून. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरण्यावर पेटंट दिलं गेलं. आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ आणि लेख पुढे केले आणि १९९७ मध्ये ते रद्द करवलं. त्या लढाईतून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी उभी राहिली, टीकेडीएल. आयुर्वेद, सिद्ध, युनानी, योग, सगळं मिळून चार लाखांहून अधिक नोंदी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानी अशा पाच भाषांत. आणि गंमत म्हणजे ही लायब्ररी सगळ्यांना खुली नाही. पेटंट कार्यालयांना गुप्ततेच्या करारावर दिली जाते. भारत सरकारने स्वतःच ठरवलं की सरसकट खुलं करणं म्हणजे चोराला यादी देणं. २०२२ मध्ये ती थोडी आणखी खुली करायचा निर्णय झाला, पण मूळ विचार तोच.

खुला_आसमंत

मग माझाच मुद्दा सिद्ध होतो. लिहिलेलं होतं म्हणून हळद वाचली.

हळदुली

अर्धा सिद्ध होतो. लिहिलेलं होतं ते ग्रंथांतलं. भगतबाबांची बावीस औषधं कोणत्या ग्रंथात आहेत? टीकेडीएलचा पाया छापील ग्रंथांचा आहे, डोंगरातलं तोंडी ज्ञान त्यात जवळजवळ नाहीच. त्यासाठी २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही करायला सांगितली. कल्पना सुंदर आहे. मी एका तालुक्यात ते काम जवळून पाहिलं. बाहेरची एक संस्था कंत्राट घेऊन आली, दोन दिवसांत गाव उरकलं, आधीच्या गावची यादी पुढच्या गावाला चिकटवली. एका गावच्या नोंदीत तिथे उगवतच नाहीत अशी झाडं होती. जाणत्या बाईला कोणी विचारलंच नाही, कारण ती दिवसा शेतावर असायची आणि ही माणसं अकराला येऊन चारला जायची.

आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर ग्रंथबद्ध ज्ञान वापरणाऱ्यांना लाभाचा वाटा देण्यातून सूट मिळालीय. म्हणजे ज्ञान कोणत्या रूपात नोंदवलं जातं यावर त्याच्या मोबदल्याचं नशीब ठरू शकतं. नोंद करताना घाई नको म्हणते ती यासाठी.

काणी लोकांचं उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवावं. केरळच्या अगस्त्य डोंगरात १९८७ मध्ये शास्त्रज्ञांबरोबर चालणाऱ्या काणी तरुणांनी थकवा घालवणारं फळ दाखवलं, आरोग्यपच्चा. त्यातून औषध तयार झालं, संस्थेने मिळालेल्या शुल्कातला आणि रॉयल्टीतला अर्धा वाटा काणींच्या न्यासाला द्यायचं ठरवलं. जगभर कौतुक झालं, आणि वाटा देणं चांगलंच होतं. पण काणींमधले प्लाथी, म्हणजे औषधाचं ज्ञान परंपरेने सांभाळणारे, त्यांच्यातल्या काहींनी आक्षेप घेतला: हे ज्ञान सांगायचा अधिकार त्या तरुणांना दिला कोणी? 'समाजाने परवानगी दिली' असं म्हणताना समाजातल्या नेमक्या कोणी, हे विचारावं लागतं.

ओटीवर

इतकं गंभीर चाललंय, एक गोड गोष्ट सांगू? मी माझ्या आजीला तिच्याच गाण्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं. तिने पूर्ण ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाली, "बाई गाते बरी, पण तिसऱ्या कडव्याला घाई करते. कुठली म्हणायची?" सांगितल्यावर अशी हसली की अर्धा तास हसत होती. मग तिसरं कडवं परत गाऊन दिलं, सावकाश.

पाटीपेन्सिल

@ओटीवर, किती छान! आजीला नमस्कार सांगा.

वाफाळता

@ओटीवर, यात कामाची गोष्ट आहे. रेकॉर्डिंग झाल्यावर गाणाऱ्याला ऐकवायचंच, हा नियम करायला हवा. चूक तेव्हाच कळते आणि नकोसं काही असेल तर तेव्हाच काढता येतं.

दर्यापार

मी न्यूझीलंडमध्ये राहतो. इथे उत्तर टोकाला काइतायात ते हिकू मीडिया म्हणून माओरी लोकांचं रेडिओ केंद्र आहे. त्यांच्याकडे अनेक वर्षांच्या प्रसारणाचा, वृद्ध मंडळींच्या आवाजांचा मोठा साठा. तो साठा यंत्राने लिहून काढावा म्हणून २०१८ मध्ये त्यांनी लोकांना हाक दिली: माओरीतली वाक्यं वाचून आवाज द्या. दहा दिवसांत अडीच हजारांच्या आसपास लोकांनी मिळून तीनशेहून अधिक तासांचा आवाज दिला. का दिला? कारण मागणारे त्यांचेच होते आणि आवाज बाहेर जाणार नाही असं वचन होतं.

मोठ्या कंपन्यांना तो साठा हवा होता. त्यांनी दिला नाही. त्यांनी स्वतःचा परवाना लिहिला, त्याचं नाव काइतियाकितांगा. आपल्या भाषेत सांगायचं तर राखणदारी. मालकी हा शब्दच त्यांनी टाळला. राखणदार वस्तू विकू शकत नाही, पुढच्याच्या हाती देतो. मला हे फार पटलं.

@करवंदाची_जाळी, कायद्याने तुम्ही मालक असाल, पण तुमच्या लिहिण्यावरून तुम्ही राखणदारच वाटता.

चकमक

त्याला जोडून. ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीक इथल्या वारुमुंगु लोकांबरोबर मुकुर्तू नावाची प्रणाली तयार झाली. मुकुर्तू म्हणजे त्यांच्या भाषेत मौल्यवान वस्तू जपून ठेवायची विणलेली पिशवी. फोटो किंवा आवाज चढवताना तिथे ठरवता येतं: हे फक्त बायकांनी पाहायचं, हे अमुक कुळानेच, हे सगळ्यांनी. गेलेल्या माणसाचा फोटो नकळत समोर येऊ नये याचीही सोय, कारण त्यांच्यात ते दुःखाचं मानतात. हे सॉफ्टवेअर मोफत आहे.

बाहेरच्या संग्रहालयांत आधीच पोहोचलेल्या वस्तूंसाठी दुसरी युक्ती आहे, पारंपरिक ज्ञानाची लेबलं. 'ठराविक ऋतूतच ऐकावं', 'विक्रीसाठी नाही', 'स्त्रियांसाठी' अशी चिठ्ठी त्या नोंदीला कायमची जोडायची. अमेरिकेत मेन राज्यातल्या पासामाक्वाडी लोकांची गाणी १८९० मध्ये मेणाच्या नळकांड्यांवर टिपली होती. त्यांतली ३१ नळकांडी आज उरलीत. शंभरहून अधिक वर्षं ती समाजाच्या हाताबाहेर होती. आता लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या त्या नोंदींवर समाजाची स्वतःची लेबलं आहेत, आणि कोणतं गाणं बाहेरच्याने ऐकायचं हे त्यांनी ठरवलंय.

@तिसरी_घंटा, तुमच्या तारप्याला 'ऋतू' हे लेबल अगदी चपखल बसतं.

तिसरी_घंटा

@चकमक, हे वाचून उठून बसलो. मूळ व्हिडिओच्या खाली आजच लिहिलं: कोणी वाजवलं, कोणत्या दिवसांत वाजवतात, विकू नये. उशिरा का होईना.

खुला_आसमंत

मान्य करतो, लेबलांबद्दल मला माहीत नव्हतं. तरी एक शंका राहते. लेबल पाळायला लावणार कोण? आणि आता तर इंटरनेटवरचं सगळं उचलून यंत्रांना शिकवलं जातंय. तिथे चिठ्ठी वाचतो कोण?

वाफाळता

कोणी वाचत नाही, हे सरळ सांगतो. मी त्याच धंद्यात आहे. जे उघड्यावर आहे ते गोळा होतं. म्हणून जे सगळ्यांसाठी नाही ते चिठ्ठी लावून उघड्यावर ठेवायचं नाही, उघड्यावर ठेवायचंच नाही. गावातल्या एका खोलीत इंटरनेट नसलेला छोटा संगणक आणि वायफायचा डबा बसवता येतो. गावात असाल तर फोनवर ऐका, गावाबाहेर काही जात नाही. ही काही स्वप्नातली गोष्ट नाही, एका शनिवारी बसवून होते.

मोहाचं_फूल

गडचिरोलीहून. वनहक्कांचा विषय निघाला म्हणून मेंढा-लेखा आठवलं. २००९ मध्ये देशात सामूहिक वनहक्क मिळालेल्या पहिल्या गावांतलं ते एक. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो, आणि आधी अभ्यास गटात चर्चा होते. एकाचाही विरोध असेल तर थांबायचं. लोक म्हणतात वेळ लागतो. लागतो. पण आजीच्या गाण्यासारख्या गोष्टीला हीच पद्धत शोभते.

दुसरं, लिपीचं. वारली लिहायला देवनागरी आहे. आम्हा गोंडीवाल्यांचं दुखणं वेगळं. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांच्या वर, पाच-सहा राज्यांत पसरलेले, शाळा कुठे मराठीत, कुठे हिंदीत, कुठे तेलुगूत. एकमेकांना गोंडीत लिहायचं तर कोणत्या लिपीत? मसराम गोंडी लिपी युनिकोडमध्ये २०१७ ला आली, गुंजाळा गोंडी २०१८ ला. आली म्हणजे तिला संगणकात जागा मिळाली. फोनवर कळफलक, फाँट, शाळेत शिकवणारा, हे सगळं त्यानंतर. संथाळीची ओल चिकी लिपी २००८ मध्येच युनिकोडमध्ये आली आणि २०१८ मध्ये संथाळी विकिपीडिया सुरू झाला, हे पाहिलं की वाटतं आमचंही होईल.

आवाजाला लिपी लागत नाही, हा फोनचा सगळ्यात मोठा उपकार. आमच्या बायका टाइप करत नाहीत, पण गोंडीत आवाजी निरोप दिवसभर पाठवतात.

जात्यावरची_ओवी

मराठीत याचं एक मोठं काम झालंय, ते इथे यायला हवं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखाहून जास्त. आज त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकता-वाचता येतात. मला त्यातलं सगळ्यात काय आवडतं? प्रत्येक ओवीपाशी गाणारीचं नाव आणि गाव आहे. 'लोकगीत, कवी अज्ञात' असं लिहून मोकळे झाले नाहीत.

ओव्या खुल्या आहेत, आणि ते योग्यच वाटतं, कारण जात्यावर बसणारी कोणतीही बाई ती गाऊ शकत होती. धवलेरीचं तसं नाही. म्हणून सरसकट 'खुलं की बंद' असं ठरत नाही, गाण्यागणिक ठरतं.

रंगरेघ

अवांतर होईल, पण विचारते. माझ्या घरी वारली चित्रांचे पडदे आहेत. धागा वाचल्यापासून त्यांच्याकडे बघवत नाही. चुकलं का माझं?

करवंदाची_जाळी

@रंगरेघ, अजिबात नाही, इतकं मनाला लावून घेऊ नका. नाच, शेत, झाडं, पक्षी ही चित्रं आमचे लोकच विकतात, त्यावर घरं चालतात. पद्मश्री जिव्या सोमा मशे यांनी ती भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली, आम्हाला त्याचा अभिमान आहे. फक्त चौक वेगळा. चौकात पालघट देवी असते, तो लग्नातच सवाशिणी लिहितात. तो मी पायपुसण्यावर छापलेला पाहिलाय. छापणाऱ्याला कदाचित माहीतच नव्हतं. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन मिळालं, पण त्याने नावाचं रक्षण होतं. 'ट्रायबल आर्ट' असं लिहून तीच आकृती छापली तर ते काही करू शकत नाही.

पुढच्या वेळी घेताना वारली चित्रकाराकडून घ्या आणि त्यात काय लिहिलंय ते विचारा. आनंदाने सांगतील.

अबोली_कुंपण

इतके दिवस फक्त वाचत होते. आम्ही ठाकर. माझे आजोबा विंचवावर आणि सापावर पाला द्यायचे, लांबून माणसं यायची. त्यांनीही सांगितलं नाही कोणाला, गुण जातो म्हणून. वडिलांना सांगणार होते, पण वडील वीटभट्टीवर, आजोबा गावात, दोघांची गाठ पावसाळ्यातच. एका उन्हाळ्यात आजोबा गेले.

म्हणून @खुला_आसमंत यांच्यावर सगळे तुटून पडताहेत ते मला पूर्ण पटत नाही. ती पाल्याची झाडं आजही तिथेच आहेत, आणि मी त्यांच्यासमोरून जाते तेव्हा मला त्यांची नावंही माहीत नसतात. सर्पदंशाला दवाखानाच गाठावा, ते मी माझ्या मुलांना शिकवलंय. पण आजोबांना काय माहीत होतं हे मला कधीच कळणार नाही, आणि ते कुलूपबंद का होईना कुठे असतं तर मी जाऊन किल्ली मागितली असती. किल्ली द्यायची नाही तर नका देऊ, पण पेटी तरी असू द्या. भगतबाबांना हे माझ्याकडून सांगाल का?

खुला_आसमंत

@अबोली_कुंपण, शब्द नाहीत. मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही नीट म्हणालात.

मोहाचं_फूल

@अबोली_कुंपण, वीटभट्टीची गोष्ट कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये बसत नाही. शिकणारा सहा-आठ महिने गावात नसेल तर शिकवणारा कोणाला शिकवणार? जंगल गेलं तर पाल्याचं नाव ठेवून काय करायचं? हे दोन प्रश्न रेकॉर्डिंगच्या बरोबरीने धरायला हवेत.

कायद्याचा_कीस

धागाकर्तीताई, बरेच दिवस दिसल्या नाहीत. पुढे काय झालं?

करवंदाची_जाळी

आले. सुट्टीला घरी जाऊन आले, म्हणून उशीर. सविस्तर लिहिते.

@अबोली_कुंपण, तुमचा प्रतिसाद मी भगतबाबांना जसाच्या तसा वाचून दाखवला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, बावीसपैकी चौदा सगळ्या पाड्याला माहीत आहेतच, खोकला, ताप, पोटदुखी, ती गावासाठी ठेव. उरलेली आठ वेगळी ठेव. ती त्यांच्या पुतण्याला ते स्वतः सांगतील, आणि सांगून झालं की मग फाइलचं काय करायचं ते पुतण्या ठरवेल. म्हणजे पेटी राहिली. तुमच्यामुळे राहिली.

आजीबरोबर पाच संध्याकाळी बसले. @ओटीवर यांच्या आजीसारखं आधी सगळं ऐकवलं. प्रत्येक गाण्यानंतर ती सांगायची आणि मी फाइलच्या नावापुढे लिहायचे. झोपवायची गाणी सगळ्यांना. कणसरीची कथा गावाबाहेर द्यायला हरकत नाही, पण तोडून नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि ऐकायचं तर भाताच्या दिवसांत. लग्नाची गाणी गावातल्या आणि नात्यातल्या बायकांना. आणि ते मांडवातलं गाणं? मला वाटलं होतं ती पुसून टाक म्हणेल. तर म्हणाली, जी पोर धवलेरी व्हायला बसेल तिला दे, आणि मी असेपर्यंत माझ्या समोर दे.

मग चौथ्या संध्याकाळी एक गाणं लावलं आणि आजी एकदम म्हणाली, "हिला विचारलंस का?"

मला कळेना. त्या गाण्यात दोन आवाज आहेत. आजीच्या मागे ओळ उचलणारी दुसरी बाई आहे, तिची चाळीस वर्षांची जोडीदारीण. मी तीन वर्षं ते गाणं ऐकतेय, ते 'आजीचं गाणं' म्हणूनच. ती बाई शेजारी बसली होती, तिला मी चहा दिला होता, आणि तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं. मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. चौदा तासांत अकरा ठिकाणी तिचा आवाज आहे.

ग्रामसभेत विषय मांडायचं ठरलंय, सरपंच हो म्हणाले, पण आजीचं म्हणणं आधी त्या आजींकडे जा, मग सभेत. त्या आता लेकीकडे असतात, तलासरीच्या बाजूला. ऐकायला कमी येतं त्यांना.

@वाफाळता, चांगला आवाज देणारे, कानावर घट्ट बसणारे हेडफोन कोणते घ्यावेत? रविवारी जातेय.

वाफाळता

कान पूर्ण झाकणारे, वायरवाले घ्या, ब्लूटूथ नको, मधेच तुटतं. माझ्याकडे एक चांगला जोड पडून आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, उद्याच कुरिअर करतो, शनिवारपर्यंत पोहोचेल.